दात, खाच आणि मोकळीक

आमच्या यार्डात निघणारा ब्लॉक ४०० मिलिमीटर लांब, २०० रुंद आणि १५० उंच आहे. त्याला आरपार दोन पोकळ्या. वरच्या अंगाला प्रत्येक पोकळीभोवती गोल उठलेला दात, खालच्या अंगाला तो दात घेणारी खाच. दात आणि खाच यांच्यात चहूबाजूंनी दोन मिलिमीटर मोकळीक. खालच्या रद्द्याच्या दातांवर वरच्या रद्द्याच्या खाचा बसवत जायचं, ठरलेल्या पोकळ्यांत गज उभे करून काँक्रीट ओतायचं, अशी ही भिंत. आराखड्यावर सही माझी असते, म्हणून लोक हा ब्लॉक माझा समजतात. त्यातला कुठला आकडा मला कुणी दिला हे मला ठाऊक आहे, आणि ते लिहून ठेवावं असं बरीच वर्षं मनात होतं. कोल्हापूरचे साचे करणारे मामा गेल्यापासून ते जास्तच टोचू लागलं.

१९९३ साली मी नववीत होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं, पण किल्लारीपासून बरंच लांब. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्या गावात भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या बाजूला जे झालं ते दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून परत आलेल्या माणसांच्या तोंडून कळलं. सात हजारांहून जास्त माणसं गेली. भूकंप सहापेक्षा थोड्याच जास्त तीव्रतेचा होता; एवढी माणसं मारली ती आमच्या घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी एक थर. भिंतीचा बाहेरचा आणि आतला दर्शनी दगड वेगळा, मधे बारीक दगड आणि माती भरलेली, आणि दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. हादरा बसला तशी दोन्ही अंगं सुटली आणि माळवद खाली आलं. जिथे माळवदाखाली लाकडी खांब आणि तुळया शाबूत राहिल्या तिथे भिंती बाहेर पडूनही माणसं वाचली. हे सगळं मला पुढे शिकताना कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की घराला लोक भ्यायला लागले आहेत. थंडीतही आमची माणसं अंगणात झोपत होती.

पुढे पुनर्वसन सुरू झालं. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली, आणि त्यातली बरीच घरं सिमेंटच्या ब्लॉकची होणार होती. आमच्याजवळच्या माळावर ब्लॉकचं एक यार्ड उभं राहिलं. उन्हाळ्याच्या सुटीत मी तिथे ब्लॉकला पाणी मारायला जाऊ लागले. माझ्या जोडीला आमच्या गल्लीतल्या एक मावशी होत्या. आधी त्या खडी फोडायला जायच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण दोन ब्लॉक एकमेकांवर ठोकून आवाज ऐकला की हा घराला चालेल, हा जोत्याखाली भरावात टाका, असं त्या सांगायच्या, आणि मुकादम ते ऐकायचा. मी दुपारी कंटाळून पाइप खाली ठेवला की म्हणायच्या, "पाणी तोडू नको, लेकरा. वरून वाळल्यालं दिसतंय, आत पक्कं व्हायलंय आजून."

काँक्रीट वाळून पक्कं होत नाही, पाण्याशी संयोग होऊन पक्कं होतं, हे मी महाविद्यालयात रसायनाच्या भाषेत वाचलं. ब्लॉक किमान १४ दिवस सतत ओला ठेवायचा आणि मग चार आठवडे वाळू द्यायचा, हे भारतीय मानक २१८५ मध्ये लिहिलेलं आहे. वाळताना ब्लॉक आकसतो. ते आकसणं भिंतीत चढवण्याआधी होऊन गेलेलं बरं. मावशींच्या बोलण्यामुळे हे वाचताना मला ते नवं वाटलं नाही. आज आमच्या यार्डात ऑर्डर कितीही तातडीची असली तरी ओला ब्लॉक गाडीत चढत नाही. या एका हट्टापायी आम्ही गिऱ्हाइकं गमावली आहेत. तो हट्ट त्या सुटीतला आहे.

भूकंपामुळेच मी स्थापत्य अभियांत्रिकीला गेले. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांनी त्या वर्षांत हाच रस्ता धरला. तिथे दगड-विटांचं बांधकाम शिकवणारे एक सर होते. बाकीच्यांचं लक्ष आरसीसी आणि उंच इमारतींकडे असताना त्यांनी मला भारतीय मानक ४३२६ वाचायला दिलं. भूकंपात टिकणारी साधी घरं कशी बांधायची याचे नियम त्यात आहेत: जोत्याला पट्टा, लिंटेलला पट्टा, कोपऱ्यात उभे गज. "हे वाचताना तुमच्या तालुक्यातली घरं डोळ्यांपुढे ठेव," एवढंच ते म्हणाले. त्यांच्याच सांगण्यावरून मी ग्रंथालयात वास्तुकलेच्या कपाटापाशी बसू लागले, आणि तिथे वॉल्टर बर्ली ग्रिफिन मला भेटले.

ग्रिफिन हे ऑस्ट्रेलियाच्या राजधानीचा, कॅनबेराचा, आराखडा करणारे अमेरिकन वास्तुकार. आख्ख्या शहराची आखणी केलेल्या या माणसानं १९१७ मध्ये ‘निटलॉक’ नावाच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. काँक्रीटच्या साधारण फूटभर चौरस फरशा, एकमेकींत अडकणाऱ्या, दोन थरांत पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या. सगळी भिंत मिळून अडीच इंच जाड. फरशा एका छोट्या यंत्रावर साइटवरच पाडायच्या. सामान्य माणसाला स्वतःचं घर परवडावं, हा हेतू. १९२० च्या सुमाराला मेलबर्नच्या कडेला त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मॅरियन मॅहनी ग्रिफिन यांनी याच फरशांचं एका खोलीचं घर स्वतःसाठी बांधलं आणि त्यात राहिले. हेच ग्रिफिन १९३५ मध्ये लखनौला आले, विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं काम घेऊन. १९३७ च्या फेब्रुवारीत तिथेच आजारपणात गेले. त्यांची कबर लखनौला आहे आणि १९८८ पर्यंत तिच्यावर नावाचा दगडही नव्हता. पुढे एका प्रशिक्षणासाठी लखनौला गेले तेव्हा मी तिथे जाऊन आले. ज्यांना आपण कधी पाहिलं नाही त्यांचंही देणं आपण लागतो, आणि ते फेडायची दुसरी काही रीत मला सुचली नाही.

ग्रिफिन यांच्याकडून मी घेतलं ते हे: तुकड्यांचे प्रकार कमी ठेवावेत. एकमेकांत बसणारा तुकडा काढणं फार अवघड नाही. अवघड आहे ते कोपरा, खिडकीची कड, दोन भिंतींचा टी, भिंतीचा शेवट या सगळ्या जागी त्याच दोन-तीन तुकड्यांत भागवणं. प्रत्येक जागेला वेगळा तुकडा काढला की साच्यांचा खर्च वाढतो, यार्डात ढिगारे वाढतात, आणि ऐन वेळी साइटवर नेमका हवा तो तुकडा नसतो. मग गवंडी छिन्नी घेतो, आणि छिन्नी लागली की सगळा हिशेब मोडतो.

पण त्या वयात मला एका गोष्टीचं काहीच कळत नव्हतं. दात भक्कम असले की भिंत आपोआप एकसंध होते, अशी माझी समजूत होती. किल्लारीच्या भिंती सुटल्या कारण दगडांनी एकमेकांना धरलं नव्हतं; मग धरणारे ब्लॉक केले की झालं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मी हेच लिहिलं होतं, आणि मोठ्या विश्वासानं लिहिलं होतं.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला. शिक्षण संपवून मी एका स्वयंसेवी संस्थेबरोबर तिकडे गेले. ऑरोविलच्या अर्थ इन्स्टिट्यूटनं विकसित केलेले पोकळ, एकमेकांत बसणारे मातीचे ब्लॉक मी तिथे पहिल्यांदा हातात घेतले. माती, त्यात साधारण पाच टक्के सिमेंट, आणि हातानं दाबायचं यंत्र. गुजरात सरकारनं पुनर्वसनासाठी या पद्धतीला दोन मजल्यांपर्यंत मान्यता दिली होती. मला आधी खटकलं ते हे की इतके छान बसणारे ब्लॉक असूनही त्यांच्यामधे पाच मिलिमीटरचा पातळ माल लावला जात होता, आणि शिवाय पोकळ्यांत गज. मग दात कशासाठी?

तिथल्या कामावर देखरेख करणारे एक वयस्क कच्छी काका होते. त्यांना मी हे विचारलं. त्यांनी काही समजावलं नाही. माल न लावता चार-पाच रद्दे रचले आणि मला म्हणाले, आता बाजूनं ढकल. मी जोर लावला, ब्लॉक जागचा सरकला नाही. मग म्हणाले, आता वरचा उचल. तो अलगद हातात आला.

दात सरकणं अडवतो, उचललं जाणं अडवत नाही. भूकंपात भिंत नुसती बाजूला ढकलली जात नाही, ती वाकते. वाकली की तिचं एक अंग दाबलं जातं आणि दुसऱ्या अंगाचे सांधे उघडू पाहतात, म्हणजे ब्लॉक उचलला जाऊ लागतो. तिथे दाताचा काही उपयोग नाही. तिथे गज लागतो, आणि गजाला वरखाली धरून ठेवणारे पट्टे लागतात. दातामुळे मिळतो तो सरळपणा, बांधणीचा वेग आणि आडव्या सरकण्याला अटकाव. हे सगळं मोलाचंच आहे, पण ते लोखंडाच्या जागी चालत नाही. माझ्या प्रकल्पातली समजूत घेऊन मी कुणाचं घर बांधायला लागण्याआधी ते काका मला भेटले, हे माझं आणि त्या घरांतल्या माणसांचं भाग्य. आजही ‘गज नको, माल नको, नुसता रचत जा’ असं सांगून कुणी ब्लॉक विकताना दिसलं की मला राहवत नाही. कोरडं रचणं हा काही गुण नव्हे. कुठे कोरडं चालेल आणि कुठे नाही हे सांगता येणं, ही ब्लॉक काढणाऱ्याची जबाबदारी आहे. आयआयटी मद्रासच्या के. बी. आनंद आणि के. राममूर्ती यांनी असे ब्लॉक कोरडे, पातळ मालात आणि नेहमीच्या मालात लावून तपासले. त्यांचे निबंध मी नंतर वाचले, पण ते समजण्याइतकी तयारी कच्छमध्ये झाली होती.

कच्छमधून परतल्यावर कमी खर्चाच्या घरांसाठी काँक्रीटचा असा ब्लॉक आपल्याकडे करावा असं ठरलं. साच्यासाठी सगळ्यांनी एकच गाव सांगितलं, कोल्हापूर. उद्यमनगरात फाउंड्र्यांच्या आणि लेथच्या आवाजात, पत्र्याच्या शेडखाली एक वयस्कर मिस्त्री बसलेले असत. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागले. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ताई, हे साच्यातनं सुटायचं कसं?"

माझ्या आराखड्यातल्या सगळ्या रेषा काटकोनात होत्या. दाताच्या बाजू सरळ उभ्या, कडा धारदार. कागदावर देखणं दिसत होतं. ब्लॉकचं काँक्रीट फार कोरडं असतं. मुठीत दाबलं तर गोळा होईल इतपतच पाणी. ते साच्यात भरून थरथरवतात, वरून दाबतात आणि लगेच साचा वर उचलतात. त्या क्षणी ब्लॉक स्वतःच्या बळावर उभा राहायचा असतो. सरळ बाजूंना काँक्रीट घासतं आणि धारदार कडा साच्यातच राहते. मामांनी प्रत्येक उभ्या बाजूला किंचित उतार द्यायला लावला. ते त्याला ड्राफ्ट म्हणत. प्रत्येक आतला कोपरा गोल करायला लावला. आमच्या कचेतला सगळ्यात मोठा कण केवढा, हे विचारलं. मी सांगितलं, सहा मिलिमीटर. "मग दाताची भिंत त्याच्या तिप्पट तरी ठेवा. न्हाईतर दातात नुसता एक खडा आणि भोवती काय न्हाई." सगळं बदलून होईपर्यंत त्यांनी लोखंडाला हात लावला नाही. माझे पैसे वाचावेत म्हणून.

मग मोकळिकीचा प्रश्न आला. मी दात आणि खाच अगदी घट्ट बसणारे काढले होते. घट्ट तेवढं मजबूत, असं मला वाटे. मामा म्हणाले, रविवारी खिद्रापूरला जाऊन या. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ मी पाहिलं नव्हतं. शिलाहारांच्या काळातलं ते काम; स्वर्गमंडपाचं वरचं गोल छिद्र, त्याखाली खांबांची वर्तुळं, आणि दगडांमधे चुना नाही. सांध्यात नख शिरणार नाही इतके दगड बसलेले. सोमवारी मी उत्साहानं मामांना म्हणाले, बघा, किती घट्ट आहे! ते म्हणाले, "तिथला दगड एकाच शेजाऱ्यासाठी घडवलाय. त्याच्यावर ठेवून, घासून, परत उचलून, परत ठेवून. तुमच्या ब्लॉकचा शेजारी कोण, ठाऊक हाय का तुम्हाला?"

माझ्या सगळ्या शिक्षणात मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. यंत्रावर पडलेला ब्लॉक यार्डातल्या हजारो ब्लॉकांपैकी कुठल्याही ब्लॉकवर बसला पाहिजे. सकाळच्या घाणीतला ब्लॉक दुपारच्या घाणीतल्या ब्लॉकवर, नव्या साच्यातला ब्लॉक झिजलेल्या साच्यातल्या ब्लॉकवर. त्यासाठी दोघांमधे जागा सोडावी लागते, आणि किती सोडायची हे साच्याच्या अचूकतेपेक्षा मालाच्या चंचलपणावर ठरतं. फार जागा सोडली तर भिंत ओळंब्यात राहत नाही. फार कमी सोडली तर गवंडी हातोडा घेतो. मामांनी तीन मोकळिकींचे नमुने करून दिले, आम्ही त्यांच्या भिंती रचून पाहिल्या, आणि दोन मिलिमीटरवर थांबलो. दाताच्या डोक्यावरही तेवढीच जागा ठेवली, म्हणजे वरचा ब्लॉक दातावर न टेकता खांद्यावर टेकतो. वजन दातावर आलं तर तो कडेला फुटतो. ही गोष्टही मामांनी लोखंडी दातांच्या चाकांवरून सांगितली होती. मी ती नंतर आकडेमोड करून पडताळली.

उंचीचं दुखणं वेगळंच होतं. ब्लॉकची लांबी आणि रुंदी साच्याची पेटी ठरवते, त्यामुळे ती फारशी हलत नाही. उंची मात्र पेटीत माल किती पडला, त्यात पाणी किती, दाब कुठे थांबला, यावर जाते. आपल्या मानकात पोकळ ब्लॉकच्या उंचीला अधिक-उणे तीन मिलिमीटरची सूट आहे. ब्लॉकमधे दहा मिलिमीटर माल असेल तर ही सूट रास्त आहे, माल ती पोटात घेतो. पण कोरड्या रचलेल्या भिंतीत शेजारचे दोन ब्लॉक, एक तीननं जास्त आणि एक तीननं कमी, असे आले तर त्यांच्यात सहा मिलिमीटरची पायरी होते. वरचा ब्लॉक एकाच कडेवर टेकतो, डुलतो, आणि छपराचं वजन आलं की मधोमध तडकतो. मामांनी दाबणाऱ्या पट्टीला पोलादी अडण्या लावून दिल्या, की त्याखाली ती जाऊच नये. तरीही फरक राहतोच. म्हणून त्यांनी पत्र्याचं एक साधं मापही करून दिलं: एका बाजूनं ब्लॉक शिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूनं शिरता कामा नये. यार्डातल्या बायका त्यावर ब्लॉक तपासून उंचीप्रमाणे वेगळे ढीग लावतात, आणि एका भिंतीला एकाच ढिगातला ब्लॉक जातो. ज्या मापावर आमच्या कामाची अब्रू टिकून आहे, त्याचे मामांनी पैसे घेतले नव्हते.

गोल दातही त्यांचाच. माझा दात भिंतीच्या लांबीला समांतर, लांब पट्टीसारखा होता. भिंत सरळ चालली तोवर ठीक. कोपऱ्यात ब्लॉक काटकोनात वळवला की दात आडवा येई, म्हणून मी कोपऱ्याचा डावा, कोपऱ्याचा उजवा, टीचा असे वेगळे ब्लॉक काढले होते. ग्रिफिन वाचूनही मी तिथेच पोचले होते. मामा म्हणाले, "गोल करा की. लेथवर निघतंय, आणि कसंबी फिरवा, बसतंय." लांबी रुंदीच्या दुप्पट, पोकळी लांबीच्या चौथाईवर, दात गोल. एवढं केल्यावर कोपरा आपोआप जुळला आणि वरपासून खालपर्यंत पोकळीवर पोकळी आली, म्हणजे कोपऱ्यातला गज सरळ उतरायला वाट झाली. पूर्ण ब्लॉक, अर्धा ब्लॉक आणि पट्ट्यासाठी नाळीसारखा ब्लॉक, एवढ्या तीन साच्यांत घर बसू लागलं. या आकारामागे काय विचार होता असं कुणी विचारलं की मी मामांचं हे वाक्यच सांगते.

उंची १५० कशी झाली, ते मावशींमुळे. माझ्या पहिल्या आराखड्यात ती २०० होती, कारण बाजारातला ब्लॉक तेवढाच असतो. यार्ड सुरू केलं तेव्हा मावशी माझ्याकडे कामाला आल्या. पोरगी आपली आहे म्हणून आल्या. तो ब्लॉक साधारण २३ किलोचा भरत होता. काही दिवसांनी त्यांनी मला हाताला धरून ढिगापाशी नेलं. "ह्यो दिवसभर उचलून बघ एकदा." मी दुपारपर्यंतच टिकले. उंची ५० मिलिमीटरनं उतरवल्यावर वजन १७ किलोच्या आसपास आलं. मामांनी कपाळाला आठ्या घातल्या, कारण तीन मीटरच्या भिंतीत पंधरा रद्द्यांऐवजी वीस रद्दे झाले, म्हणजे उंचीचा फरक साठायला पाच जागा वाढल्या. त्यांचं खरं होतं आणि मावशींचंही खरं होतं. मावशींचं ऐकलं, आणि मामांच्या आठ्यांसाठी मापावरची सूट आणखी आवळली. त्यामुळे दर घाणीमागे बाद होणारे ब्लॉक वाढले. ते आम्ही फोडून भरावात घालतो. हा खर्च अजून आमच्या दरात दिसतो आणि तो दिसू द्यावा असं माझं मत आहे.

पहिल्या घराच्या वेळी लातूरकडचे एक जुने गवंडी आले होते. माल नाही, दर्जा भरायच्या नाहीत, मग आमचं काम काय, असं त्यांनी सरळ विचारलं. बाकीचे गवंडीही तेच मनात घेऊन उभे होते. त्यांची भीती खोटी नव्हती. अशी भिंत मदतनीसही रचू शकतो, हे विकताना आम्हीच सांगत होतो. त्या गवंड्यांनी जोत्यावरचा पहिला रद्दा मालात बसवायला घेतला. पाणसळ, लाईनदोरी, गुण्या. एकेक ब्लॉक ते पुन्हा पुन्हा उचलत होते. मी घाई केली तेव्हा म्हणाले, "मॅडम, इथं केसभर राहिलं तर वर बोटभर निघतंय. मधे माल न्हाई, तर मी ते दुरुस्त कुठं करू?" मालाच्या भिंतीत गवंडी प्रत्येक रद्द्याला थोडं थोडं सावरून घेतो. इथे सावरायची सोय फक्त पहिल्या रद्द्यात. त्यांची सगळी कसबकला तिथे लागते, आणि ती लागली नाही तर वरचं काहीच सुधारत नाही. तेव्हापासून आमच्या दरपत्रकात पहिला रद्दा वेगळा धरलेला आहे, वेगळ्या मजुरीनं, आणि तो बसवायला गवंडीच लागतो.

कोकणात काम मिळालं तेव्हा पाऊस आडवा आला. लातूरच्या उन्हात कोरडी भिंत वर्षभर कोरडी राहते. संगमेश्वराच्या बाजूला जांभ्याचे चिरे लावणाऱ्या एका गवंड्यांनी आमची भिंत पाहून पाणी कुठून शिरेल ते बोटानं दाखवलं. त्यांच्या सांगण्यावरून तिथे ब्लॉकच्या बाहेरच्या आणि आतल्या खांद्यावर पातळ मालाची पट्टी देतो आणि मधला भाग मोकळा ठेवतो, म्हणजे पाण्याला आत झिरपायला सलग वाट मिळत नाही. वर गिलावा, आणि छपराची वळचण चांगली पुढे. कोकणासाठी आमचं वेगळं मार्गदर्शक पत्रक आहे, ते जवळजवळ त्यांच्याच बोलण्यातलं आहे.

मामा गेले तेव्हा मी कोल्हापूरला पोचले नाही. दहाव्याला गेले. त्यांच्या शेडमधे भिंतीवर माझा पहिला आराखडा, त्यांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट, खिळ्याला लावलेला होता. आता त्यांचा मुलगा कारखाना पाहतो. त्याच्याकडे संगणकावर चालणारं कटिंग आहे, आणि साचे वडिलांपेक्षा अचूक निघतात. मोकळीक दीडवर आणूया का, असं त्यानं विचारलं होतं. साचा अचूक झाला तरी आमची क्रश सँड आणि पाणी पूर्वीसारखंच चंचल आहे, म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. पावसाळ्यातल्या घाणीतले ब्लॉक मोजून झाल्यावर ते ठरेल.

सध्या टेबलावर आहे ते वायरिंगचं काम. घर उभं राहिल्यावर वायरमन येतो आणि पाइपसाठी भिंतीला झिरी मारतो. पोकळ ब्लॉकची बाहेरची भिंत मुळात पातळ, ती तिथे फुटते. लातूरच्याच एका तरुण वायरमननं सुचवलं की पोकळ्या वरपासून खालपर्यंत मोकळ्याच आहेत. गज नसलेल्या पोकळीतून पाइप सोडू, फक्त स्विचच्या उंचीला बाजूनं खिडकी असलेला ब्लॉक द्या. चौथा साचा करायची माझी इच्छा नव्हती. पण अर्ध्या ब्लॉकच्याच साच्यात एक लोखंडी ठोकळा सरकवून ती खिडकी काढता येईल असं दिसतं आहे. आराखडा कोल्हापूरला पाठवला आहे. मामांच्या मुलानं खिडकीच्या कडांना आणखी उतार मागितला आहे, आणि खालच्या कडेची जाडी वाढवायला सांगितली आहे. नमुन्याचे पहिले ब्लॉक दिवाळीनंतर निघतील. ते आधी वायरमनच्या हातात देणार आहे.